नाशिकचा उन्हाळा आणि घरातलं दीड-दोन वर्षांचं मूल

नाशिकचा उन्हाळा मुंबईसारखा चिकचिकीत नसतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, पण हवा कोरडी असते, त्यामुळे घाम अंगावर दिसायच्या आत वाळून जातो. ‘याला घामच नाही, म्हणजे उकडत नसेल’ हा अंदाज इथे हमखास चुकतो. लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, शिवाय तहान लागली हे त्याला धड सांगताही येत नाही. तेव्हा घाम बघत बसू नका, शू बघा.

जागेपणी सहा तासांत शू झाली नाही, किंवा झाली ती गडद पिवळी आणि उग्र वासाची असेल, तर पाणी कमी पडतंय. डायपरमध्ये हे कळत नाही. म्हणून दिवसा घरात असताना सुती लंगोट किंवा नुसती चड्डी बरी. फरशी चार वेळा पुसावी लागेल, पण जांघेतली लाली टळेल आणि हिशोबही लागेल.

या वयाला दूध, ताक, वरण, फळं, भातातलं पाणी असं सगळं धरून दिवसाला साधारण सव्वा लिटर पाणी पोटात जायला हवं. एका दमात पेलाभर पाजायला गेलात तर ओकून टाकेल. दर अर्ध्या-पाऊण तासाला चार-पाच घोट पुरतात. सकाळी अर्ध्या लिटरची बाटली भरून वेगळी ठेवा आणि दिवसभर मुलाचं पाणी त्यातूनच द्या. संध्याकाळपर्यंत ती रिकामी झाली की पाण्यापुरती काळजी नाही. पाणी नको म्हणणारं मूल स्टीलच्या छोट्या फुलपात्रातून, ‘आता बाबांना दे, आता तू पी’ असं करत बरंच पिऊन जातं. दूध मात्र अर्ध्या लिटरच्या वर नको. दुधानेच पोट भरलं की मूल जेवत नाही, मग अंगात लोह कमी पडतं.

पेठ-सुरगाण्याकडची नागली, म्हणजे नाचणी, बाजारात सहज मिळते, आणि दुपारच्या जेवणाला कंटाळलेल्या मुलासाठी आंबिलीइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पोहे खायच्या चमच्याने दोन सपाट चमचे नागलीचं पीठ अर्धी वाटी गार पाण्यात कालवा. वाटीभर पाणी चिमूटभर मीठ घालून उकळा आणि कालवलेलं पीठ त्यात ढवळत ओता. मंद आचेवर पाच-सहा मिनिटं शिजवा. रंग गडद चॉकलेटी झाला आणि कच्चा वास गेला की उतरवा. पूर्ण गार झाल्यावरच अर्धी वाटी ताजं ताक आणि किंचित जिरेपूड घाला. बिघडतं ते दोन ठिकाणी. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात, आणि गरम आंबिलीत ताक घातलं की ते फुटतं. बाहेर ठेवलेली आंबील तीन-चार तासांत संपवा. ओट्यावर सकाळपासून राहिलेली संध्याकाळी पाजू नका, तोवर ती नको तितकी आंबलेली असते.

फळांत कलिंगडाच्या सगळ्या बिया काढून द्या. उशिराची द्राक्षं घरात असतील तर ती उभी चिरून चार फोडी करा. अख्खं द्राक्ष या वयाच्या मुलाच्या घशात बरोबर बसेल एवढंच असतं. जांभळं-करवंदं बिया काढल्याशिवाय नकोत. रसवंतीचा रस आणि गोळा या वर्षी राहू द्या. त्रास उसाचा नसतो, बर्फाचा असतो.

आता घर. इथली पहाट मेमध्येही बऱ्यापैकी गार असते, तीच घरात साठवायची. सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. पाचला उठून खिडक्या उघडा आणि नऊ वाजता पूर्वेच्या, बारानंतर पश्चिमेच्या घट्ट लावून पडदे ओढा. ‘वारा येऊ दे’ म्हणून दुपारी दोनला खिडकी उघडली की येते ती झळ. संध्याकाळी सातनंतर पुन्हा सगळं उघडायचं. वरच्या मजल्यावर तापलेला स्लॅब रात्री दहा-अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो, म्हणून गच्चीला मार्चमध्येच पांढरा चुना मारून घ्या आणि मुलाला शक्यतो स्लॅबखालच्या खोलीत झोपवू नका.

कोरड्या हवेमुळे नाशकात कूलर मस्त चालतो, पण बंद खोलीत ठेवला तर अर्ध्या तासात हवा दमट होते आणि मूल चिडचिड करू लागतं. कूलर खिडकीत बसवा, बाहेरची हवा ओढू द्या आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी चार बोटं उघडी ठेवा. झोत मुलाच्या तोंडावर नको, भिंतीवर आपटून येऊ द्या. मेच्या शेवटी ढग जमू लागले की कूलर ‘बिघडल्या’सारखा वाटतो. तो बिघडलेला नसतो, हवेतच ओल वाढलेली असते. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतल्या भिंती ब्रशने घासा. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी टिकतात आणि पाणी आलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून ‘आठवड्यातून एकदा’. गवत काळं पडून वास मारू लागलं की बदला. बोट आत जाईल एवढी फट जाळीला असेल तर बारीक जाळी बांधा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पत्र्याच्या कूलरला हात लावणारं घरातलं पहिलं माणूस हे मूलच असतं.

गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी हा उन्हाळ्यातला सगळ्यात दुर्लक्षित चटका. दुपारी एक ते पाचच्या दरम्यान नळाला येणारं पहिलं पाणी मुलाला पोळेल इतकं गरम असू शकतं. शी धुताना जेट थेट अंगावर मारू नका, आधी पाणी वाहू द्या आणि आपल्या मनगटावर घेऊन बघा. दुपारच्या आंघोळीचं पाणी सकाळीच बादलीत काढून ठेवा, पण ती बादली झाकणाची हवी आणि बाथरूमला बाहेरून वरची कडी हवी. या वयाचं मूल डोक्याकडून जड असतं. बादलीत वाकून पडलं तर त्याला उलटं फिरून बाहेर येता येत नाही, आणि बुडायला चार बोटं पाणी पुरतं. ‘पाणी-पाणी’ खेळायचं तर परातीत दोन बोटं पाणी, जवळ मोठं माणूस, आणि खेळ संपला की परात कुंड्यांत ओतायची.

आंघोळ दोनदा चालेल, साबण एकदाच. आजीला मालिश करायचीच असेल तर ती आंघोळीआधी, आणि तेल नीट धुऊन निघालं पाहिजे. अंगावर राहिलेलं तेल घामाची छिद्रं बुजवतं आणि मग मानेवर, पाठीवर घामोळी उठते. तिच्यावर पावडर थापू नका. ती श्वासातून छातीत जाते आणि वळ्यांत घामासोबत चिखल होतो. गार पाण्याने पुसा, वळ्या कोरड्या करा आणि मुलाला सैल मलमलीच्या झबल्यात ठेवा. दोन-तीन दिवसांत बसते.

बाहेर जायचं ते सकाळी नऊच्या आत, नाहीतर साडेसहानंतर. कृषीनगरच्या ट्रॅकवर किंवा गोल्फ क्लब मैदानावर सकाळी मोकळं सोडा, दुपारची झोप आपोआप लागते. संध्याकाळी बागेतल्या पत्र्याच्या घसरगुंडीला आधी आपला तळहात लावा. ऊन उतरलं तरी पत्रा उतरलेला नसतो. गाडीच्या तापलेल्या सीटवर ओलं फडकं फिरवल्याशिवाय मुलाला बसवू नका. आणि बंद कारमध्ये ‘दोनच मिनिटं, दूध घेऊन येते’ असं कधीही नाही. दहा मिनिटांत आतलं तापमान साधारण दहा अंशांनी चढतं.

खरी परीक्षा साडेबाराच्या मुहूर्ताची. लॉन्सवरचं लग्न, मंडपाला पत्रा, पंखे नवरा-नवरीकडे तोंड करून, आणि आपल्या मुलाला नायलॉनचं अस्तर असलेली शेरवानी किंवा फुगीर फ्रॉक. फोटोपुरता तो घाला, अक्षता पडल्या की आतल्या सुती झबल्यावर आणा. पाणी घरचं न्या. घरून खाऊ घालून निघा, म्हणजे पंगत लांबली तरी रडारड नाही. तिथे वरण-भात द्या, पण सकाळपासून बाहेर असलेली बासुंदी, मठ्ठा, दहीवडा नको. आणि खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे कांद्याच्या जिल्ह्यात कुणी ना कुणी सांगणारच. ठेवा खुशाल, फक्त टोपी आणि पाण्याची बाटली विसरू नका.

जुलाब सुरू झाले तर ओआरएसची पुडी घरात हवी. मोठी पुडी एका लिटरला, छोटी दोनशे मिलिलिटरला. पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी, अर्धी पुडी अर्ध्या पेल्यात असला अंदाज नको. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिलिलिटर, त्याहून मोठ्याला 100 ते 200, चमच्याचमच्याने. कालवलेलं पाणी 24 तासांनी फेकून द्या. तोंड कोरडं, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल गेलेले दिसले तर डॉक्टरांकडे त्याच दिवशी.

उन्हात राहिलेलं मूल एकदम मलूल पडलं, अंग भाजल्यासारखं लागतंय, ताप 104 फॅरेनहाइटच्या घरात आहे, ओळख देत नाही किंवा झटका आला, तर तो उष्माघात समजा. तापाचं औषध याला लागू पडत नाही. सावलीत न्या, कपडे काढा, साध्या पाण्याने सगळं अंग ओलं करा आणि पंख्याखाली धरा. मान, काखा, जांघ इथे ओली फडकी ठेवा. पाणी टाकीचं नको, ते दुपारी तापलेलं असतं. झाकणाच्या बादलीतलं किंवा माठातलं घ्या. गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका. 108 ला फोन लावा. स्वतः निघणार असाल तर जवळचं मुलांचं हॉस्पिटल, नाहीतर त्र्यंबक रोडवरचं सिव्हिल, आणि गाडीतही ओलं करत राहा.