‘असतं तर’चं भौतिकशास्त्र

एमएस्सीत सेमिनारला मी बेलची असमानता (दूर नेलेल्या दोन कणांची मोजमापं एकमेकांशी किती जुळू शकतात, याची मर्यादा) घेतली ती आवडीने नाही, बाकीचे विषय वाटून झाले होते म्हणून. गणित चार ओळींचं. त्याच चार ओळींत मी फळ्यासमोर वीस मिनिटं अडकलो.

जोडीचे दोन कण दूर नेलेले. पहिल्यावर क किंवा ख मोजायचं, दुसऱ्यावर ग किंवा घ. उत्तर दर वेळी +१ नाहीतर −१. मी चार रकाने आखून प्रत्येक जोडीपुढे चारही आकडे मांडले. मग क(ग+घ)+ख(ग−घ): एक कंस शून्य, दुसरा ±२. म्हणजे सरासरी २ च्या वर जाऊच शकत नाही. क्वांटम सिद्धांत मात्र २√२, म्हणजे जवळपास २.८३ पर्यंत नेतो, आणि प्रयोगही २ ओलांडतात. मी बेरजा तपासत बसलो. बेरजा बरोबर होत्या.

संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर मित्राने चण्याच्या पुडीच्या कागदावर माझा तक्ता पुन्हा आखला आणि प्रत्येक ओळीतले दोन आकडे खोडले. “एका जोडीवर दोनच मोजमापं होतात. हे दोन तू घरून आणून राहिला बे!”

शाळेतला संकेतार्थ आठवा: पाऊस पडला असता तर पीक आलं असतं. शेतात हे चालतं. इथे ‘ख मोजलं असतं तर’ या वाक्याला उत्तर असतंच, हे मी न बोलता धरलं होतं. आत्याबाईंच्या मिशाच मोजल्या म्हणा ना! शिवाय पलीकडे ग मोजा की घ, क तोच राहील, हेही धरलं होतं. यातलं नेमकं काय सोडायचं यावर अजून एकमत नाही, तेव्हा सेमिनारमध्ये एकावरच खापर फोडू नका.

नव्यांनी १९३५ च्या आइन्स्टाइन-पोडोल्स्की-रोझेन लेखापासून, म्हणजे क्वांटम सिद्धांत अपुरा आहे असं म्हणणाऱ्या लेखापासून, सुरुवात करू नये. माझी दिवाळीची सुट्टी त्यातच गेली. आधी दोन बाय दोनचे मॅट्रिक्स हाताने गुणा. मग क्लॉसर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांची १९६९ ची मांडणी घ्या. वरचा तक्ता तिचाच.

त्यानंतर एलित्झूर-वैडमन यांचा १९९३ चा बॉम्बचा विचारप्रयोग. फोटॉनपुढे (प्रकाशाच्या कणापुढे) दोन वाटा, एकीवर एका फोटॉननेही फुटणारा बॉम्ब. वाटा पुढे पुन्हा एकत्र येतात, तिथे दोन डिटेक्टर; बॉम्ब नसेल तर त्यातला एक कायम गप्प. शंभर वेळा करा: सरासरी पन्नासदा स्फोट, पंचवीसदा काहीच कळत नाही, पंचवीसदा गप्प डिटेक्टर वाजतो आणि बॉम्ब न फुटता तो जिवंत असल्याचं कळतं. म्हणजे न झालेला स्फोटही डिटेक्टरवर खूण ठेवून जातो. हे पंचवीस स्वतः काढा, अर्धं पान पुरतं.