ठिबक सगळ्यात शेवटी

कमी पाण्यातली बाग करायची म्हटलं की लोक आधी ठिबकच्या नळ्या आणतात. माझा क्रम उलटा आहे: आधी माती, मग झाडांच्या जागा, नळ्या शेवटी. माती पाणी धरत नसेल, तर थेंबाथेंबाने दिलेलंही मुळांना चुकवून खाली निघून जातं.

म्हणून पहिलं काम खड्डा. फूटभर खोल, तेवढाच रुंद. काठोकाठ भरा, पूर्ण जिरू द्या, पुन्हा भरा आणि मगच घड्याळ बघा. (पहिल्या वेळचं माप फसवं, कोरडी माती अधाशासारखी पिते.) तासाला 1 ते 3 इंच पाणी उतरलं तर छान. बघता बघता खड्डा रिकामा झाला तर माती रेताड, तासन्‌तास डबकं राहिलं तर चिकण. औषध दोन्हींना एकच: चांगलं कुजलेलं कंपोस्ट. रेताड मातीत ते ओल धरतं, चिकण मातीत पाण्याला वाट करून देतं. चिकण मातीत चार घमेली वाळू टाकायचा सल्ला मिळेल, तो मात्र सोडून द्या. तेवढ्याने ती उलट आणखी घट्ट बसते.

आता जागेचा आराखडा काढा. दुपारचं ऊन कुठे येतं, उतार कुठे आहे, छपराचं पाणी कुठे पडतं. झाडं फुलांच्या रंगावरून नव्हे, तहानेवरून बसवा. पुदिना, पालेभाज्या अशी सतत ओल मागणारी मंडळी नळाजवळच्या एका वाफ्यात. कोरफड, लॅव्हेंडर लांबच्या उन्हाच्या कडेला. पुदिना आणि कोरफड शेजारी लावलीत तर एक वाळणार नाहीतर दुसरी कुजणार. हिरवळ हवीच असेल तर बसण्यापुरती ठेवा. नुसती बघायला एवढं पाणी घालणं मला तरी पटत नाही.

छपराचा हिशोब सोपा आहे. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. 40 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटरची सर आली की 400 लिटर, त्यातलं थोडं उडून-सांडून जाईल. पन्हळीचं पाणी उथळ चरातून झाडांकडे वळवा. चर घराच्या पायापासून तीनेक मीटर लांब हवा.

भिजलेल्या मातीवर पालापाचोळ्याचं 5 ते 8 सेंटिमीटर आच्छादन घाला. बुंध्याभोवती वितभर जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड कुजतं.

छोट्या वाफ्याला ठिबकपेक्षा मडकं मला जास्त आवडतं. भाजलेलं पण बिनचकाकीचं, पाणी पाझरू देणारं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं आणि झाकायचं (उघडं ठेवलंत तर डास होतील). माती सुकेल तसं पाणी पाझरतं आणि मुळं आपण होऊन तिकडे वळतात.

मोठ्या वाफ्यांना ठिबक लावा. रेताड मातीत पाणी सरळ खाली जातं, तिथे ड्रिपर (नळीवरची थेंब सोडणारी तोंडं) जवळजवळ. चिकण मातीत ओल आडवी पसरते, तिथे लांब लांब. तहानेच्या प्रत्येक गटाला वेगळी लाइन आणि वेगळा व्हॉल्व्ह.

पाणी पहाटे, खोलवर आणि मधे खाडा ठेवून. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर थांबा. दुपारी माना टाकलेली झाडं संध्याकाळी सावरत असतील तर ती तहानलेली नाहीत. सकाळीच मलूल दिसली तर लगेच पाणी द्या. नव्या रोपांना पहिला हंगामभर हा खाडा ठेवायचा नियम लावू नका, त्यांची मुळं अजून वरच असतात.