वॉर्डातून बाई निवडून आणायची तर: केनियातली तयारी

केनियात पुढची सार्वत्रिक निवडणूक १० ऑगस्ट २०२७ ला आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग; तिच्या निवडून आलेल्या सभागृहावर, म्हणजे काउंटी असेंब्लीवर, वॉर्डातून एखादी बाई पाठवायची, तर कामाला आत्ताच लागायला हवं. तिथे आपल्यासारखे महिला-राखीव वॉर्ड नाहीत. १,४५० पैकी कुठल्याही वॉर्डात तिला पुरुषांशी थेट लढत द्यावी लागते.

आधी मतदारयादी घ्या. लग्न होऊन आलेल्या ज्या बायकांची नावं अजून माहेरच्या वॉर्डात आहेत, त्यांची नोंदणी मुदतीत बदलून घ्या. हाच माहेर-सासरचा प्रश्न उमेदवारालाही आडवा येतो. माहेरचे म्हणतात, लेक दिल्या घरी गेली. सासरचे म्हणतात, ही बाहेरची. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. गावच्या सभेत, म्हणजे बराझात, तिच्या बाजूने उभी राहील अशी माहेरची एक म्हातारी आणि सासरची एक शेजारीण आधीच तयार ठेवा. पोस्टर मागाहून छापता येतील.

दुसरा ठरलेला प्रश्न: ‘तुमची वेगळी जागा आहे ना?’ २०१० च्या राज्यघटनेने ४७ काउंट्यांना प्रत्येकी एक महिला खासदार दिली, त्यातून हा समज पसरला. मतदाराच्या हाती सहा मतपत्रिका येतात. सहा रंगांचे कागद सोबत ठेवा, जमिनीवर मांडा आणि दाखवा: बायकांसाठी राखीव ही एकच, उरलेल्या पाचही सगळ्यांना खुल्या. २०२२ मध्ये सात बायका गव्हर्नर, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या प्रमुख, झाल्या, हेही तिथेच सांगा.

सभा चामांमध्ये घ्या. चामा म्हणजे आपली भिशी किंवा बचत गट. पैसे गोळा होताना मध्ये बोलू नका. हिशेब मिटला की दहा मिनिटं मागून घ्या. घरोघरी जाताना दोघी-दोघी जा, उजेडी परता, बोडा-बोडाचं, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीचं, भाडं आधी बाजूला काढून ठेवा.

पक्षाचं तिकीट नाकारलं जाईल हे धरूनच चाला. अपक्ष लढायचं तर मतदानाआधी किमान तीन महिने पक्षाचं सदस्यत्व सुटलेलं हवं आणि वॉर्डातल्या ५०० नोंदणीकृत मतदारांचा पाठिंबाही हवा.

शेवटी, प्रत्येक केंद्रावर आपली एजंट बसवा. मतदान सकाळी सहाला सुरू होतं आणि मोजणी त्याच केंद्रावर रात्रीपर्यंत चालते. तिला डबा, पाणी, टॉर्च आणि चार्ज केलेला फोन द्या. निकालाच्या फॉर्मवर सही करून, दाराला लावलेल्या प्रतीचा फोटो काढल्याशिवाय तिने तिथून हलू नये.