लग्नाच्या फुलांत जुनं-नवं जोडताना या चुका टाळा

वीस वर्षांहून जास्त काळ मी सोलापुरात लग्नाची फुलं करते आहे. आजकाल घरोघरी मागणी एकच असते: "दारात झेंडूचं आणि आंब्याच्या पानांचं तोरण पाहिजे, स्टेज मात्र मोबाइलमधल्या या फोटोसारखं." मागणी चांगली आहे, मला ती मनापासून आवडते. पण या कामात नव्यानं उतरलेली पोरं दर सीझनला त्याच त्या चुका करतात आणि भर मांडवात मुलीच्या आईचा चेहरा उतरतो. ते बघवत नाही, म्हणून लिहिते.

बहुतेक चुकांचं मूळ एकाच ठिकाणी आहे. झेंडू, मोगरा, शेवंती, अबोली ही दोऱ्यातली फुलं. खुडली की त्यांचं पाणी पिणं संपलं, पुढची टवटवी अंगातल्या ओलाव्यावर. डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन, ऑर्किड ही दांडीची फुलं. ती पाणी ओढून जगतात. एकाची रीत दुसऱ्याला लावली की दोन्ही हातची जातात.

दांडीची फुलं कोठीच्या खोलीत ठेवणं

ही चूक मी स्वतः केली आहे. मे महिन्यातलं लग्न, पारा ४२ च्या वर. स्टेजच्या मागे गुलाबी कार्नेशनची भिंत, मधून ऑर्किडच्या काड्या, आणि कडेनं झेंडूच्या माळा असा बेत होता. फुलं आदल्या संध्याकाळी आली. हॉल भट्टीसारखा तापलेला, म्हणून कार्यालयातली सर्वांत गार खोली शोधली आणि बादल्या तिथं लावल्या. ती खोली होती कोठीची. दुसऱ्या दिवशी जेवणात आमरस, त्यामुळे एका भिंतीला गवतात आंब्यांची आढी घातलेली. वास इतका गोड होता की मी तिथंच बसून दांड्या छाटल्या.

पहाटे पाचला दार उघडलं तर कार्नेशन झोपलेली. दुसरा शब्द नाही. पाकळ्या आत वळून प्रत्येक फूल मुठीसारखं मिटलेलं. ऑर्किड मलूल, पाकळ्यांच्या शिरा काचेसारख्या दिसायला लागलेल्या. झेंडू मात्र तसाच ताजा. मी पाणी बदललं, दांड्या पुन्हा कापल्या, बर्फ टाकला. काही उपयोग नाही. व्यापाऱ्याला फोन करून शिळा माल दिला म्हणून वाट्टेल ते बोलले. त्यानं शांतपणे विचारलं, "ताई, खोलीत आंबे होते का?"

पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो. आढीतला आंबा भराभर पिकतो तो त्याच्याच जोरावर. केळ्यांचंही तेच. कार्नेशन आणि ऑर्किडला मात्र हाच वायू म्हातारपण आणतो, आणि एकदा मिटलेलं कार्नेशन पुन्हा उघडत नाही. त्या दिवशी बाजारात मिळाली तेवढी निशिगंधाची छडी उचलली, केळीची पानं मागवली आणि मुहूर्ताला कशीबशी भिंत उभी केली. व्यापाऱ्याची माफी मागितली. पैसे माझे गेले, ते बरोबरच होतं.

तेव्हापासून खोली ठरवायच्या आधी मी आचाऱ्याला भेटते. "फळं कुठं ठेवणार?" हा माझा पहिला प्रश्न. जनरेटरच्या आणि चुलीच्या धुरातही हा वायू असतो, त्यामुळे भटारखान्याच्या बाजूची खोलीही नको. थोडी गरम चालेल, पण हवा खेळती हवी.

आणि घरचा फ्रिज रिकामा करून त्यात ऑर्किड कोंबणाऱ्यांनो, थांबा. ऑर्किड आणि अँथुरियम उष्ण प्रदेशातली फुलं आहेत. १० अंशांखाली त्यांच्या पाकळ्या काळवंडतात. गुलाबाला ती थंडी मानवते, त्यांना नाही.

मुहूर्त न विचारता मोगरा घेणं

मोगऱ्याची कळी संध्याकाळी फुलते. हे आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं, पण ऑर्डर देताना कुणालाही आठवत नाही. मुहूर्त गोरज असेल तर सकाळी खुडलेल्या कळीचा गजरा अगदी लग्नाच्या वेळी उमलतो आणि मांडवभर वास पसरतो. मुहूर्त दुपारी साडेबाराचा असेल तर आदल्या दिवशीच्या कळ्या रात्रीच फुलून जातात आणि अक्षता पडेपर्यंत कडा तांबूस होतात. दुपारच्या लग्नाला मी त्याच पहाटे खुडलेली घट्ट कळी मागते, ती न मिळाल्यास अबोलीवर भर देते. अबोलीला वास नाही, पण टिकते आणि नव्या पद्धतीच्या सैल अंबाड्यावर तिचा केशरी रंग फार खुलतो. आपल्याकडच्या तेलुगू घरांत नवरीची वेणी फुलांनी पूर्ण मढवतात, तिथं तर हा हिशेब चुकवून चालतच नाही. सगळ्यांच्या नजरा त्या वेणीवरच असतात.

गजरा गुंफायला केळीचं सोपट, म्हणजे खोडाच्या सालीचा धागा, भिजवून घ्या. नायलॉनचा दोरा झटपट होतो खरा, पण कळीचा देठ कापतो. सोपट ओल धरून ठेवतं. हे शिकायला दोन दिवस लागतात आणि नव्या पोरांना दोन तासही द्यायचे नसतात. याचा मला राग येतो, कारण फूल त्यांच्या हातात असतं आणि भोगतं ते नवरीचं डोकं.

थंडीतल्या लग्नाला मोगऱ्याचा हट्ट धरू नका. त्याचा बहर उन्हाळ्याचा. त्या दिवसांत शेवंती आणि निशिगंध घ्या, स्वस्तही पडतात.

फोमची वीट पाण्यात दाबणं

दांड्या खोचायला फोमची जी वीट मिळते, ती पाण्यावर नुसती ठेवायची. ती आपोआप बुडते, मिनिटभर लागतं. हातानं दाबली तर बाहेरून ओली होते, आत कोरडी राहते, आणि नेमकी त्या कोरड्या जागी गेलेली दांडी दोन तासांत मान टाकते. मिनिटभर थांबायचं, एवढंच.

बाकीच्या, थोडक्यात

झेंडूची पोती आली की लगेच उघडून चादरीवर पसरा. पोत्याच्या मधला झेंडू स्वतःच्याच उबेनं काळा पडतो. वर पाणी मारून पोतं बांधून ठेवणं म्हणजे सडवणंच.

जरबेऱ्याला बादलीभर पाणी नको. चार बोटं पाणी पुरतं. त्याची दांडी पोकळ आणि लवदार असते, खोल पाण्यात कुजते.

हायड्रेंजियाचा फोटो घेऊन येणाऱ्यांना मी उन्हाळ्यात सरळ नाही म्हणते. आपल्या उन्हात ते फूल पहिल्या मंगलाष्टकालाच सुकलेलं असेल.

फिक्या गुलाबी फुलांत केशरी झेंडू मिसळू नका, दोन्ही मळकट दिसतात. झेंडू दाराशी, बोहल्याच्या खांबांना, कलशाभोवती. फिके रंग मागच्या भिंतीला. मध्ये हिरवी पानं भरपूर. जुनं आणि नवं शेजारी बसवायचं, एकाच माळेत ओवायचं नाही.

दारचं तोरण प्लॅस्टिकचं नको. पैसे कमी असतील तर स्टेजवरची फुलं कमी करा.

वरमालेत तार घालत असाल तर टोकं आत वळवून कापडी पट्टीनं बांधा. हार हलका ठेवा, मुलीला तो दोन तास गळ्यात वागवायचा असतो.

कार्तिकी एकादशीच्या आसपास फुलं पंढरपूरकडे वळतात. त्या आठवड्यात तुळशीच्या लग्नानंतर लगेच तारीख असेल तर माल आठ दिवस आधी सांगून ठेवा.

लिलीचं फूल उमलताच आतले परागकोश चिमटीनं काढून टाका. शालूवर पराग सांडलेच तर ओल्या फडक्यानं पुसू नका, डाग कायमचा बसतो. आधी कापड झटका, मग चिकटपट्टी हलकेच टेकवून उचला. माझ्या पर्समध्ये चिकटपट्टीचं एक रीळ नेहमी असतं.