हजार किलोमीटर घोड्यावर, तेही चॅरिटीसाठी? मग या चुका टाळा

भाचीने मंगोल डर्बीला नाव घातलंय हे घरी कळलं तेव्हा ताईने पहिला प्रश्न विचारला, "त्यात घोडा आपला न्यायचा का त्यांचा?" सगळे हसले. पण गेलं वर्षभर तिची तयारी जवळून बघतेय, पैसे गोळा करायचं काम तर माझ्याच गळ्यात पडलंय, आणि आता वाटतं की ताईने बरोबर मुद्द्यालाच हात घातला होता.

घोडा त्यांचाच. ऑगस्ट महिना, मंगोलियाचं माळरान, 1000 किलोमीटर, जास्तीत जास्त 10 दिवस, आणि दर 35-40 किलोमीटरला नवीन घोडा. चंगीझ खानाच्या निरोप्यांसाठी वाटेत घोडे बदलायची ठाणी असायची, त्याच धर्तीवर 2009 पासून ही रेस होते. म्हणजे पंचवीसेक घोडे, एकही ओळखीचा नाही, सगळे तिथल्या पशुपालकांचे. आणि चॅरिटीचे पैसे? तेही आपले नाहीत. दोन्हीकडे उसना माल आहे हे एकदा डोक्यात बसलं की खालच्या बऱ्याच चुका होतच नाहीत, आम्ही मात्र जवळपास सगळ्या करून बसलो.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे रायडिंग स्कूलमधल्या एकाच लाडक्या घोड्यावर प्रॅक्टिस करणे. तो घोडा तुम्हाला पाठ आणि तुम्ही त्याला, त्यामुळे आपली मांड पक्की झालीय असं उगाच वाटतं. मंगोल घोडे आकाराने छोटे, आपल्या भीमथडीच्या तट्टांसारखेच काटक, पण वर्षातला बराच काळ मोकळे चरणारे, त्यामुळे एक पाय रिकिबीत टाकला की दुसरा येईपर्यंत थांबतीलच असं नाही. मग करायचं काय, तर सरांना सांगून दर वेळी वेगळा घोडा मागायचा, त्यातही जो कोणालाच नको असतो तो आधी. आणि रेनकोट! हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पुण्याबाहेर एका राईडला पाऊस आला म्हणून भाचीने घोड्यावर बसल्याबसल्याच बॅगेतून प्लास्टिकचा रेनकोट काढला, तो वाऱ्याने एकदा फडफडला फक्त, पुढच्या क्षणी घोडा चौखूर उधळला आणि ही घाणेरीच्या झुडपात. हाड मोडलं नाही हे नशीब. तेव्हापासून नियम असा, की कपडे काढणं-घालणं खाली उतरून, लगाम हातात ठेवून, आणि सामानातलं काहीही लोंबकळता कामा नये.

दुसरी गोष्ट तासांची. आठवड्यातून तीनदा एक-एक तास रपेट मारून कोणी या रेसला तयार होत नाही कारण तिथे दिवसाला बारा-बारा तास खोगिरावर काढायचे असतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शनिवार-रविवार लागोपाठ पाच-सहा तास बसून बघा, सोमवारी जिना उतरताना कळतं कुठे कमी पडतोय ते. (मात्र क्लबच्या एकाच बिचाऱ्या घोड्याला सहा तास जुंपू नका, मधे बदला.) घोडा मिळत नसेल तेव्हा सायकल आणि पाठीवर वजन घेऊन सिंहगड, कारण रिकिबीत उभं राहून मांड्यांवर भार पेलायची सवय लागते ती अशीच. कपड्यांच्या शिवणीबद्दल कोणी आधी सांगत नाही. चार तासांनंतर आतल्या चड्डीची एक शिवण चाकूसारखी कापायला लागते आणि नंतरचे दहा दिवस बसता येत नाही. बिनशिवणीची शॉर्ट्स, घर्षण कमी करणारं क्रीम, आणि रेससाठी नवी कोरी ब्रीचेस (रायडिंगची घट्ट पँट) अजिबात नको, दोन महिने धुऊन वापरलेलीच हवी.

वजनाचाही घोळ होतो. कपड्यांसकट रायडर 85 किलोच्या आत आणि सोबत सामान फक्त 5 किलो. ट्रायल पॅकिंग केलं तेव्हा स्लीपिंग बॅग, पॉवर बँक, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, औषधं, सगळं मिळून चार किलोच्या वर गेलं, आणि मग ताईने आणलेला चिवडा आणि डिंकाचे लाडू किचनच्या काट्यावर ठेवले तर 1 किलो 200 ग्रॅम! लाडू वाचले, चिवडा घरीच राहणार.

आता जी चूक अनुभवी रायडरही करतात ती, म्हणजे घोडा पळवायचा, बस. ठाण्यावर पोचलात की व्हेट, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, घोड्याच्या छातीचे ठोके मोजतात, ठरलेल्या वेळेत ते ठरलेल्या आकड्याखाली आले नाहीत तर दोन तासांची पेनल्टी. 2013 मधे टेक्ससची डेव्हन हॉर्न सगळ्यांच्या आधी फिनिशला पोचली, पण तिच्या शेवटच्या घोड्याचे ठोके खाली आले नाहीत, पेनल्टी बसली आणि मागून आलेली 19 वर्षांची लारा प्रायर-पामर जिंकली. रेस जिंकणारी ती पहिलीच बाई. आणि 2019 ला अमेरिकेचे बॉब लाँग जिंकले तेव्हा त्यांचं वय 70 होतं, त्यामुळे नुसत्या दंडाच्या बेडक्या दाखवून इथे काही होत नाही.

म्हणून ठाणं जवळ आलं की शेवटचा तुकडा चालत न्या, शक्य असेल तर उतरून, पोचल्यावर तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल करा, पाणी दाखवा, घोड्याभोवती गर्दी नको. आणि ठोके मोजायला घरीच शिका. डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावायचा, 15 सेकंद मोजायचे, गुणिले चार. भाचीने फॅमिली डॉक्टरकडून स्टेथोस्कोप आणला आणि निवांत उभ्या घोड्याचे ठोके 76 सांगितले, आम्ही घाबरलो, घोडा मस्त गवत खातोय. मग लक्षात आलं की "लब" एक आणि "डब" एक असे ती दोन मोजत होती. दोन्ही मिळून एक ठोका असतो, म्हणजे 38, एकदम नॉर्मल.

रस्त्याचं थोडक्यात सांगते. जीपीएस सरळ रेघ दाखवतो, सरळ रेघेत दलदल असू शकते आणि मार्मोटची (खारीच्या जातीतला मोठा प्राणी) बिळं तर असतातच, घोड्याचा पाय त्यात गेला की दोघंही खाली. तंबूवस्तीजवळ गेलात तर लांबूनच "नोखोई खोर" ओरडायचं, म्हणजे कुत्रं आवरा.

पण आमचं घोडं खरं पेंड खाल्लं ते पैशात, आणि ही चूक सर्वस्वी माझी. उत्साहात मी फॅमिली ग्रुपवर स्वतःचाच क्यूआर कोड टाकला. चार दिवसांत साठ हजार जमले, मी खूश. मग एका काकांनी 80जीची, म्हणजे देणगीवर टॅक्स सवलत मिळवायची, पावती मागितली. पैसे माझ्या खात्यातून संस्थेला गेले असते तर पावती माझ्या नावावर, काकांना काय मिळणार, ठेंगा! वर त्यांनी विचारलं की यातून एन्ट्री फी तर भरत नाही ना. राग आला, पण प्रश्न बरोबर होता. सगळ्यांना पैसे परत केले आणि संस्थेच्या खात्याची लिंक पाठवली, त्यात पंधरा हजार गळाले ते गळालेच. तर पहिल्या दिवसापासून लिहून टाका की फी, तिकीट, सामान आमच्या खिशातून, तुमचा रुपया थेट संस्थेला. रोख देणाऱ्यांना सांगा की 2000 च्या वर रोख दिली तर सवलत नाही, आणि नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर ती तशीही मिळत नाही.

परदेशातल्या नातेवाइकांचं वेगळंच. न्यू जर्सीचा चुलतभाऊ अमेरिकन सिटिझन झालाय, म्हणजे त्याचे पैसे कायद्याने विदेशी देणगी, ते घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी हवी आणि ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मेन ब्रँचमधल्या खात्यातच यायला हवेत. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी तेच. त्याची बायको अजून भारतीय पासपोर्टवर आहे, तिने स्वतःच्या पैशातून बँकेमार्फत पाठवले तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. हे सगळं "तू माझ्याच अकाउंटला टाक, मी बघतो" म्हणण्याआधी विचारा.

मागायचं कधी, तर सहा महिने आधी, रेस झाल्यावर फोटो टाकून मागणं म्हणजे वरातीमागून घोडं. आणि "यथाशक्ती मदत करा" ला कोणी हलत नाही. आम्ही किलोमीटर विकायला काढले, 100 रुपयाला एक, 1000 किलोमीटरचे लाख. वहीत नंबर लिहितो, ज्याचा त्याला कळवतो. फक्त एक गोष्ट आधी स्पष्ट सांगा, की ती पडली, आजारी पडली, व्हेटने थांबवलं तरी दिलेले पैसे संस्थेचेच. बरेच जण मनातल्या मनात "पोचली तर" अशी अट घालून बसलेले असतात.

आत्तापर्यंत 612 किलोमीटर विकले गेलेत. शेवटचे दहा ताईने अडवून ठेवलेत, लेक पोचल्याचा फोन आला की देणार म्हणते, आणि तिला वरचा नियम समजवायला मी काही जाणार नाही.