बाहेरच्या थंडीवर चालणारा बॉयलर: घेताना आणि लावताना या चुका टाळा

बेळगावात जानेवारीच्या पहाटे पारा 12-13 अंशांवर आला की आमच्या गल्लीत कानटोप्या निघतात आणि बंबात एक लाकूड जास्त सरकवलं जातं. बंबाजवळ बसलेली बाई थर्मामीटर बघत नाही. अंगणात एक पाऊल टाकलं की तिला कळतं, आज जाळ किती लागणार. थंड देशांतल्या घरांमध्ये बॉयलरला हेच शिकवता येतं. बाहेरच्या भिंतीवर एक बोटभर सेन्सर असतो, आणि तो जे सांगेल त्याप्रमाणे खोली तापवणाऱ्या रेडिएटरकडे जाणारं पाणी कमी-जास्त गरम होतं. याला आउटडोअर रीसेट म्हणतात.

माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये, इन्स्ट्रुमेंटेशनवर गेली. अग्निप्रदीपनाचा नारळ फुटला की गाळप संपेपर्यंत घरच्या जेवणाचा नेम नसायचा. आता निवृत्त आहे. मुलगी-जावई कॅनडात, ओटावाला असतात. त्यांनी जुनं घर घेतलं, तळघरात नवा गॅस बॉयलर बसवला, आणि माझी नोकरी पुन्हा सुरू झाली, व्हिडिओ कॉलवर. बेळगाव-निपाणीकडच्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी आता अशा गावी आहे, म्हणून आम्ही काय काय चुकलो ते लिहून ठेवतो.

पहिल्या कॉलवर मी म्हटलं, बाहेरचा सेन्सर दाखव. मुलीने कॅमेरा फिरवला. सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत, मॅन्युअलसकट, पाइपला बांधून ठेवला होता. बसवणारा माणूस पाणी 80 अंशांवर कायमचं लावून निघून गेला होता. हे फार घरांत होतं. सेन्सर लावायचा तर भिंतीला भोक पाडा, वायर ओढा, अर्धा दिवस जातो. 80 वर ठेवलं की कुणी गारठत नाही, तक्रारही येत नाही.

पण पैसे जातात. असा नवा बॉयलर कंडेन्सिंग असतो, म्हणजे धुरातलीही उष्णता वापरणारा, आणि त्याची सगळी मिजास रेडिएटरमधून परत येणाऱ्या पाण्यावर असते. ते साधारण 55 अंशांच्या खाली असेल तरच धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि तिच्यातली उष्णता घरात येते. पाणी 80 ने गेलं तर परत येताना 65-70 असतं. मग महागाचा बॉयलर साध्या बॉयलरसारखाच चालतो, 87-88 टक्के कार्यक्षमतेवर. परतीचं पाणी गार ठेवलं तर तोच 95 च्या आसपास जातो.

डबा घ्यायच्या आधी मॅन्युअल उघडा

जावयांनी ऑनलाइन एक वेगळा रीसेट कंट्रोलर बघून ठेवला होता, चांगला महागडा. मी म्हटलं, थांबा की. आजकालच्या बहुतेक मॉड्युलेटिंग, म्हणजे आच आपणच कमी-जास्त करणाऱ्या, बॉयलरमध्ये रीसेट आतच असतो, फक्त सेन्सर जोडायचा आणि मेनूत चालू करायचा. बाहेरून लावलेला साधा कंट्रोलर बॉयलरला दोनच गोष्टी सांगू शकतो: पेट किंवा विझ. बर्नर मंद-मोठा होण्यासाठी आपण जास्तीचे पैसे मोजलेले असतात, तेच मग वाया. वेगळा कंट्रोलर घ्यायचाच असेल तर तो बॉयलरला तापमानाचा आकडा देणारा हवा, 0 ते 10 व्होल्टच्या सिग्नलने, ओपनथर्म या बॉयलर-कंट्रोलरमधल्या संदेशपद्धतीने किंवा बॉयलर कंपनीच्या स्वतःच्या वायरवरून. आणि मग आतला रीसेट बंद. एका बॉयलरला दोन साहेब झाले की काय होतं ते कारखान्यात काम केलेल्याला सांगायला नको.

सेन्सरही त्याच कंपनीचा घ्या. दिसायला सगळे सारखे, पण कुणाचा विद्युतरोध 25 अंशांना 10 किलोओहम, कुणाचा 12. चुकीचा लावला तर बॉयलर कुरकुर न करता चुकीचा आकडा धरून हिवाळाभर चालतो.

बॉयलर अजून घ्यायचा असेल तर आधी त्याची कमीत कमी क्षमता विचारा. जास्तीत जास्त किती ते सगळेच सांगतात. मुलीच्या घराचा हिशेब असा: बाहेर उणे 25 असताना घराला सुमारे 14 किलोवॉट लागतात. बाहेर 5 अंश असताना आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक 45 वरून 15 वर येतो, म्हणजे गरज तिसरा हिस्सा, जेमतेम 4.7 किलोवॉट. बसवलेला बॉयलर 44 किलोवॉटचा, आणि पाचास एक एवढाच खाली येणारा. त्याची सगळ्यात मंद आच 8.8. म्हणून ऑक्टोबरात तो पेटायचा, दोन मिनिटांत विझायचा, पुन्हा पेटायचा. उत्तम रीसेटही याला पूर्ण औषध नाही. 20-22 किलोवॉटचा, दहास एक खाली येणारा घेतला असता तर प्रश्नच नव्हता. बसवणारे मोठा देतात, कारण लहान निघाला तर शिव्या त्यांनाच पडतात. त्यांचंही अगदी चुकत नाही म्हणा.

शनिवारची थंडी

सेन्सर कुठे लावायचा याचा नियम सगळ्यांना पाठ असतो: उत्तरेची भिंत, ऊन नको, बर्फाच्या थराच्या वर. आम्ही नियम पाळला. महिनाभर ठीक चाललं. मग जावयांचा फोन.

"मामा, शनिवारी घर गार पडतंय."

"रोज नाही?"

"नाही. शनिवारी दुपारी. कधी कधी रविवारी."

मागून मुलगी म्हणाली, "बाबा, वार बघून कुठे थंडी पडते का?"

कारखान्यात असा एक ट्रान्समीटर, म्हणजे माप कळवणारं यंत्र, होता, जो फक्त रात्रपाळीत खोटं बोलायचा. शेवटी सापडलं की रात्री त्याच्याजवळचं एक दार उघडं राहायचं. म्हणून मी विचारलं, शनिवारी तुम्ही करता काय? घर झाडतो, भाजी आणतो, कपडे धुतो. कपडे वाळवता कुठे? ड्रायरमध्ये. ड्रायरची गरम हवा बाहेर कुठे सुटते?

जावई जॅकेट घालून, फोन घेऊन घराला वळसा घालून गेले. उत्तरेच्याच भिंतीवर, सेन्सरच्या बरोबर खाली दीड हातावर, ड्रायरचं तोंड. भोवतीचा बर्फ वितळून ओली कड झालेली. बाहेर उणे 9, आणि बॉयलरच्या पडद्यावर बाहेरचं तापमान अधिक 14. बॉयलरने मान डोलवून पाणी गार केलं होतं.

ड्रायर, स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट, बॉयलरचा स्वतःचा धूर, सतत उघडणारी खिडकी: यातलं काहीही सेन्सरच्या आसपास नको. आणि सेन्सरची वायर विजेच्या जाड केबलला चिकटवून नेऊ नका.

शंका आली तर बॉयलर बंद करून सेन्सरची वायर सोडवा आणि मल्टिमीटरने ओहम मोजा. 10 किलोओहमचा सेन्सर 0 अंशांना 32-33 किलोओहमच्या आसपास दाखवतो. नेमका तक्ता मॅन्युअलमध्ये असतो. थंडी वाढली की ओहम वाढतात. म्हणून वायर तुटली तर बॉयलरला बाहेर प्रचंड थंडी आहे असं वाटतं, आणि शॉर्ट झाली तर उन्हाळा. बरेच बॉयलर हे ओळखून एरर दाखवतात आणि ठरलेल्या तापमानावर चालत राहतात. घर गरम असतं, म्हणून एररकडे कुणी बघत नाही, बिल मात्र वाढतं. हे सगळं मेनू आणि सेन्सरपुरतं. गॅस आणि बर्नरच्या झाकणाला हात फक्त लायसन्सवाल्याने लावायचा.

कर्व्ह घराचा असतो

कर्व्ह म्हणजे बाहेर इतकं तर पाणी इतकं, अशी रेघ. कंपनीने घातलेली रेघ कुणाच्याच घराची नसते. फरशीखालून घर तापवणाऱ्या पाइपांना कडाक्याच्या थंडीतही 35-45 अंश पुरतात. भिंतीच्या पायथ्याशी बसवलेल्या पातळ पत्र्याच्या हीटरला, म्हणजे बेसबोर्डला, त्याच दिवशी 80 लागू शकतात. जुन्या घरांतले बिडाचे जाडजूड रेडिएटर बहुधा गरजेपेक्षा मोठे असतात, त्यात नंतर खिडक्या बदललेल्या. तिथे कमी गरम पाण्यात भागतं. मुलीकडे हेच बिडाचे आहेत. त्यांचे फोटो बघून मला आपल्या उद्यमबागच्या फाउंड्र्या आठवल्या.

आम्ही उणे 25 ला 70 पासून सुरुवात केली. रेडिएटरचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे, खोलीचं तापमान बघणारा थर्मोस्टॅट दोन अंश वर, म्हणजे तो मध्ये येणार नाही. मग दोन-तीन अंश खाली आणायचं आणि दोन दिवस हात लावायचा नाही. हे न हात लावणं सगळ्यात अवघड. जावई सॉफ्टवेअरमधले, त्यांना दर तासाला काहीतरी बदलायचं असायचं. बिडाला आणि विटांना घाई नसते हो, असं त्यांना दोनदा सांगावं लागलं.

कुठली बाजू हलवायची ते असं ओळखा. कडक थंडीत घर गार आणि सौम्य दिवसांत बरोबर, तर रेघ जास्त तिरकी करा. सौम्य दिवसांत गार आणि कडाक्यात बरोबर, तर गरम दिवसांकडचं टोक वर उचला. सगळ्याच हवेत सारखंच गार, तर अख्खी रेघ समांतर वर. एका वेळी एकच बदल. एकच खोली गार असेल तर कर्व्हला हात लावू नका, त्या रेडिएटरमधली हवा काढा.

लोक विचारतात, थर्मोस्टॅट आहे ना, मग बाहेरचं कशाला बघायचं? आमच्या कारखान्यात बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याच्या पातळीला थ्री-एलिमेंट कंट्रोल असायचा, म्हणजे पातळी, बाहेर जाणारी वाफ आणि आत येणारं पाणी तिन्ही बघणारा. नुसती पातळी बघून पाणी सोडलं तर नेहमी उशीर होतो. शिवाय मिलने वाफ एकदम ओढली की पातळी फुगून उलटंच सांगते. म्हणून बाहेर जाणारी वाफ मोजायची आणि पातळी हलायच्या आधी व्हॉल्व्ह हलवायचा. थर्मोस्टॅट म्हणजे पातळी, बाहेरचा सेन्सर म्हणजे वाफ. दोन्ही लागतात, पण जोर वाफेवर.

रात्री घर पाच-सहा अंश गार करायची जुनी सवय रीसेटबरोबर जमत नाही. पाणी जेमतेम गरजेपुरतं गरम असतं, सकाळी घर वर चढवायला त्याच्याकडे बळ नसतं. एक-दोन अंश उतरवा, नाहीतर उतरवूच नका.

आंघोळीच्या पाण्याची टाकी त्याच बॉयलरवर असेल तर तिला या रेघेतून वगळा. टाकी 60 अंशांवर ठेवायची, त्याखाली जंतूंचा धोका वाढतो. त्यासाठी टाकीने मागणी केली की बॉयलरने बाहेरचं काही न विचारता 75-80 चं पाणी द्यायला हवं. मेनूत ही सोय वेगळी असते. आणि घरात अजून जुना, कंडेन्सिंग नसलेला बिडाचा बॉयलर असेल तर गणित उलटं: परतीचं पाणी फार वेळ 55 च्या खाली राहिलं तर तो आतून गंजतो. तिथे रीसेटला खालची मर्यादा घालाच.

आता मुलीच्या घरची रेघ बाहेर 20 ला 25 अंश आणि उणे 25 ला 58 अशी बसली आहे. आमच्या शिफ्ट लॉगबुकसारखी एक शीट जावई भरतात. इथे रात्री साडेआठला, तिकडे सकाळी दहाला, मी ती उघडतो. कालची नोंद: बाहेर उणे 11, पाणी 48, घरात साडेवीस. रेघेवर मोजून बघितलं, 48 च येतं.