चरख्याचा झेंडा घरात आणि मंडपात कसा लावावा

स्वातंत्र्यदिन जवळ आला की नागपुरात जुने झेंडे शोधणारे बरेच जण भेटतात. कुणाला मंडळाच्या देखाव्यासाठी हवा असतो, कुणाला बैठकीच्या भिंतीसाठी. त्यांना माझा सल्ला एकच: अनेक झेंडे गोळा करण्यापेक्षा एक निवडा आणि तो अचूक लावा. नागपूरकराने सुरुवात १९२३ च्या चरख्याच्या झेंड्यापासून करावी, कारण त्याची लढाई याच शहरात झाली.

१३ एप्रिल ते १८ ऑगस्ट १९२३ या काळात येथे झेंडा सत्याग्रह चालला. झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या वस्तीत, शिरायला बंदी होती. स्वयंसेवकांच्या तुकड्या रोज निघायच्या आणि पकडल्या जायच्या. जमनालाल बजाज तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हाती घेतली.

त्या झेंड्यावर वर पांढरा, मध्ये हिरवा आणि खाली लाल पट्टा होता, आणि तिन्हींवर पसरलेला चरखा. बाजारात 'जुना तिरंगा' म्हणून बहुधा केशरी, पांढरा, हिरवा आणि मध्ये चरखा असलेला झेंडा मिळतो. तो १९३१ चा. १९२३ च्या देखाव्यात तो लावला की इतिहास चुकतो. म्हणून तयार झेंडा घेण्याऐवजी शिवूनच घ्यावा.

गांधीबागेच्या कापडबाजारात किंवा खादी भांडारात तीन रंगांचं सुती कापड घ्या. शिवण्याआधी प्रत्येक कापड वेगळं धुवा. लाल कापड रंग सोडतं आणि एका पावसात पांढऱ्या पट्ट्याची वाट लावतं. शिवाय सुती कापड आटतं, ते आधीच आटलेलं बरं. ९० बाय ६० सेंटिमीटरच्या झेंड्यासाठी प्रत्येक पट्टा ९८ बाय २३ कापा. तयार पट्टा २० सेंटिमीटर रुंद हवा. उरलेलं कापड जोडाला, दुमडीला आणि काठी सरकवायच्या नळीला जाईल. चरखा कापडी रंगाने दोन्ही बाजूंनी काढा. एकाच बाजूने काढला तर झेंडा वाऱ्यावर उलटला की कोराच दिसतो.

घरात लावताना झेंडा आडवाच ठेवा. उभा टांगला की चरखा आडवा पडतो. पश्चिमेचं ऊन येणारी भिंत टाळा, मे महिन्यात रंग फार लवकर उडतो. आणि कूलरसमोरची भिंत तर मुळीच नको. तिथली दमट हवा कापडाला बुरशी आणते. वरची कडा लाकडी पट्टीत धरून टांगा, खिळे थेट कापडातून ठोकू नका.

आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेतून खरा जुना झेंडा निघाला तर तो धुऊ नका, इस्त्री करू नका, सेलोटेप लावू नका. घडी घालायची वेळ आली तर घडीच्या आत मऊ, पांढऱ्या, कोऱ्या धुतलेल्या सुती कापडाची गुंडाळी ठेवा, म्हणजे धागे तिथेच तुटत नाहीत. असा झेंडा भिंतीवर न लावता त्याची प्रतिकृती लावावी, हे माझं ठाम मत आहे.

सार्वजनिक जागी सर्वात मोठी काळजी राष्ट्रध्वजाची. भारतीय ध्वजसंहिता, २००२ नुसार दुसरा कोणताही झेंडा त्याच्यापेक्षा उंच किंवा त्याच्या वर लावता येत नाही. एकाच काठीवर दोन झेंडे तर नाहीतच. शेजारी लावायला ठरावीक अपवाद आहेत. त्यांच्या भानगडीत न पडता राष्ट्रध्वज मोकळ्या जागी, एकटा, सन्मानाने फडकवा. जुने झेंडे मंडपाच्या आतल्या भिंतीवर किंवा फलकावर लावा. रस्त्यालगत काही उभारायचं असेल तर महानगरपालिका आणि पोलीस ठाण्यातून परवानगी घ्या. विजेच्या खांबाला मात्र काहीही बांधू नका.

झेंड्याखाली वेगळी पाटी हवीच. कापडावर काहीही लिहू नका. वर्ष, कुठे फडकला, रंगांचा क्रम, एवढं दोन ओळींत पुरतं. मॅडम कामांचा झेंडा लावणार असाल, तर २२ ऑगस्ट १९०७, श्टुटगार्ट (जर्मनी), आणि वरून हिरवा, पिवळा, लाल. पिवळ्या पट्ट्यावर 'वंदे मातरम्' देवनागरीतच. तो झेंडा पुण्याच्या केसरीवाड्यात जपलेला आहे, त्याचा फोटो समोर ठेवूनच हिरव्या पट्ट्यावरची कमळं काढा.

पावसाचं वातावरण दिसलं की बाहेरचे झेंडे आधी उतरवा. भिजलेला झेंडा घडी न घालता सावलीत पसरून वाळवा.